जुन्या गाडीचं छत ज्या पट्टीला टांगलेलं असतं: टॅकिंग स्ट्रिप शोधावी कुठे आणि बनवावी कशी

जुन्या गाडीचं आतलं काम काढलं की चर्चा होते ती कापडाची. रंग कुठला घ्यायचा, रेग्झीन की लोकरी कापड, शिलाई कशी हवी. ते कापड ज्याला ठोकायचं ती पट्टी मात्र कोणाच्या डोक्यातही नसते. मग वर्षभरात छताचं कापड लोंबायला लागतं, दाराभोवतीचा गोट जागोजाग सुटतो, मागच्या काचेच्या कडेला सुरकुत्या पडतात आणि सगळा ठपका कारागिराच्या हातावर बसतो. बहुतेक वेळा हात चांगलाच असतो, आतली पट्टी मेलेली असते. ही पट्टी सांगली-मिरजेत तयार मिळत नाही. पण ती बनवायला लागणारा उत्तम माल आपल्याच जिल्ह्यात भंगाराच्या भावात पडून आहे. तो कुठला, कसा निवडायचा आणि गाडीत कसा बसवायचा, हे इथे सविस्तर लिहितो.

पट्टी आली कुठून

सुरुवातीच्या मोटारींचा सांगाडा लाकडी असायचा आणि त्यावर पत्रा चढवलेला असायचा. कापड लावायचं म्हणजे सरळ लाकडात खिळे ठोकायचे. शेवरोलेचंच बघा, १९३६ पर्यंत आतला सांगाडा लाकडाचा होता आणि १९३७ पासून पूर्ण पोलादी झाला. पत्र्यात खिळा जात नाही. म्हणून कारखान्यांनी दारांच्या वर, खांबांवर आणि काचांभोवती पत्र्याचं अरुंद चॅनल दिलं आणि त्यात दाबलेल्या कागदाची, बहुतेकदा डांबर पाजलेली पट्टी बसवली. कापड या पट्टीवर ताणायचं आणि खिळ्यांनी ठोकायचं. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ पासून जोडलेल्या शेवरोलेसारख्या आणि पुढे प्रीमियरने कुर्ल्यात जोडलेल्या डॉज-प्लिमथसारख्या अमेरिकी गाड्या आपल्याकडे आल्या, त्यांच्यासोबत ही पद्धतही आली.

सगळ्याच गाड्यांत अशी पट्टी असते असं नाही. काहींत पत्र्याची दातेरी पट्टी कापड धरते, काहींत कापड कडेला नुसतं चिकटवलेलं असतं. त्यामुळे आपली गाडी उघडून बघितल्याशिवाय माल आणायला जाऊ नका.

कागदाची पट्टी साठ-सत्तर वर्षांत वाळते, तिचा भुगा होतो, जुन्या भोकांत नवा खिळा धरत नाही. पाणी लागलं तर त्याआधीच संपते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत ज्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या, त्यांच्या पट्ट्या फुगून चॅनलचे ओठ, म्हणजे पट्टी धरणाऱ्या आत वळलेल्या कडा, उघडून बाहेर आल्या. साताऱ्याकडे पाटण, जावळीच्या पावसात शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांतही तेच दिसतं, फक्त सावकाश. ओली पट्टी चॅनलला आतून गंजवते, हे त्याहून वाईट.

इंटरनेटवर मागवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. टॅकिंग स्ट्रिप या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकतात. एक सोफ्याच्या कामातली पातळ पुठ्ठ्याची गुंडाळी. तिचं काम कापडाची कड सरळ दिसावी एवढंच, खिळा धरणारं खालचं लाकूड असतं. दुसरी गालिचा धरणारी, वर खिळे आलेली लाकडी पट्टी. तिसरी आपल्याला हवी ती, चॅनलमध्ये बसणारी जाड पट्टी. जाडी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

उघडताना

बॅटरीची अर्थची वायर काढा, कारण छतातल्या दिव्याची वायर हाताळावी लागणार आहे. मग आरसा, ऊन अडवायच्या झापा, दिवा, काचांभोवतीच्या चौकटी आणि दाराभोवतीचा गोट या क्रमाने काढा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. छताचं कापड आतून आडव्या सळयांवर तोललेलं असतं. या सळया दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येकीची लांबी आणि बाक वेगळा असतो. पुढून मागे १, २, ३ असे आकडे चिकटपट्टीवर लिहून सळयांना लावा, आणि कुठली सळई कुठल्या भोकात होती तेही लिहा.

खिळे उपटायला पेचकस घासून त्याला पातळ दुफाटी टोक करून घेतलं की काम भागतं. उपटलेले खिळे लगेच चुंबकाने गोळा करा. सीटखाली राहिलेला गंजका खिळा पुढे नव्या कापडातून वर येतो. जुनं कापड फाटलं असलं तरी फेकायचं नाही, नव्याचा माप-नमुना त्याच्यावरूनच निघणार आहे.

आता पट्टी तपासा. चपला शिवायची आरी घ्या आणि दर दोन-तीन इंचांवर टोचा. टोक रुतून बसलं आणि काढायला जोर लागला तर पट्टी जिवंत आहे, तिला हात लावू नका. टोक सहज आत-बाहेर झालं, किंवा टोचताच तपकिरी भुगा पडला, तर ती बदलावी लागेल. बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेवरची आणि मागच्या काचेखालची पट्टी गेलेली असते आणि दारांवरची ठणठणीत असते. सगळीच बदलण्याचा हट्ट नको.

खराब पट्टी काढताना तोंडाला मास्क बांधा. चॅनलचे ओठ शक्य तितके कमी वाकवा, कारण पत्रा दोन-तीनदा वाकवला की तुटतो. पट्टीचा निदान एक तुकडा अखंड काढून पिशवीत ठेवा. मग व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) चॅनलची आतली रुंदी, खोली आणि ओठांमधली फट ही तिन्ही मापं घ्या. जागा बदलली की मापही बदलतं. कागदावर गाडीचा आराखडा काढून प्रत्येक पट्टीची लांबी, रुंदी, जाडी आणि वळण त्यावर टिपून ठेवा. या कागदावाचून पुढचं काम अंदाजपंचे होतं.

चॅनल तारेच्या ब्रशने घासा, गंज थांबवणारं रसायन लावा, वाळल्यावर रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर मारा. पत्रा आरपार गेला असेल तर ठिगळाचं वेल्डिंग आत्ताच करून घ्या. छताची वायर, आवाज आणि उष्णता अडवणारा नमदा, हे सगळंही याच टप्प्यात.

माल कुठला घ्यायचा

पट्टीकडून दोन गोष्टी हव्यात. खिळा धरला पाहिजे, आणि तो काढून जरा शेजारी पुन्हा ठोकला तरी धरला पाहिजे. दुसरी गोष्ट लोक विसरतात. छताचं कापड पहिल्या ठोक्यात कधीच बसत नाही. तीन-चारदा सोडून ताणावं लागतं. एकदाच धरणारा माल या कामाचा नाही.

माझी पहिली पसंती कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्याला. रबर खिळ्याभोवती स्वतःहून आवळतं आणि मधले कापडाचे थर खिळा हलू देत नाहीत. पाण्याने फुगत नाही, वाळत नाही, वळणावर वळतं. आणि तो मिळतो कुठे? साखर कारखान्यांत आणि खडी क्रशरवर. कारखान्यांतले उतरवलेले पट्टे गळीत हंगाम संपल्यावर भंगाराच्या लिलावात जातात आणि तिथून कुपवाड, मिरज एमआयडीसीतल्या भंगारवाल्यांकडे येतात. आपल्या भागात कित्येक गोठ्यांत जनावरांच्या पायाखाली हेच पट्टे अंथरलेले असतात. क्रशरवाल्याला गोडीत विचारलं तर हातभर तुकड्याचे पैसेही घेत नाही. मात्र त्या पट्ट्यात खडीची कच रुतलेली असते, ती पात्याची धार घालवते. तारेचा ब्रश आणि साबणाने आधी धुऊन घ्या. कारखान्यातला पट्टाही मळीचा वास जाईपर्यंत धुवावा.

घेताना कापलेल्या कडेकडे बघा. वर काळं रबर, मध्ये पांढरट कापडाचे दोन-चार थर आणि खाली पुन्हा रबर, अशी रचना दिसली पाहिजे. त्या थरांत नख घालून उचला. थर सुटत असतील तर पट्टा उन्हाने किंवा तेलाने खराब झालेला आहे, सोडून द्या. कडेला चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत पोलादी तारा आहेत, तो पट्टा आपल्या उपयोगाचा नाही. जाडी साधारण ८ ते १२ मिमी सापडते. जास्त जाड असेल तर एखादा थर पक्कडीने धरून सोलता येतो, कष्ट पडतात पण जमतं.

रबरात एक दोष आहे आणि तो आधीच जाणून घेतलेला बरा. काळं रबर फिक्या रेग्झीनला थेट टेकलं तर काही महिन्यांत पिवळट तपकिरी डाग वर येतो, आणि तो निघत नाही. क्रीम किंवा पांढरं छत असेल तर पट्टीवर सुती नाडीचा एक थर चिकटवून मगच कापड ठोका. गडद रंगाला याची गरज नाही.

पट्टा नाहीच मिळाला तर टायर. ऊसवाहतुकीच्या गाड्यांचे जुने नायलॉन टायर आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि टायर कापून पट्टे, घमेली करणारे लोकही आहेत. त्यांच्याकडून टायरची बाजू कापून घ्या, मधला जमिनीला टेकणारा भाग नको. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये बाजूलाही तारा असतात, तो टाळा. टायरची जाडी एकसारखी नसते, म्हणून लांब सरळ पट्टीपेक्षा लहान तुकड्यांना तो बरा.

ज्यांना मूळ पद्धतीच्या जवळ राहायचं आहे त्यांनी पुठ्ठ्याचे थर चिकटवून पट्टी करावी. तीव्र वळणावर मी हीच करतो, कारण ती वळणाचा आकार धरून ठेवते. रबर सरळ व्हायला बघत राहतं. वह्या-पुस्तकं बांधणाऱ्यांकडचा राखाडी ग्रे बोर्ड घ्या, बेदाण्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा अजिबात नको. सरळ पट्टीला २ मिमीचे ५ थर, वळणाला १ मिमीचे १० थर. आधी फळीवर चॅनलच्या वळणाचा साचा खिळ्यांनी आखा. फेविकॉल एसआर (रबरी गोंद) दोन्ही पृष्ठांना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं झालं की थर साच्यावरच एकावर एक दाबत जा. सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. पांढरं फेविकॉल वाळून इतकं कडक होतं की बारीक खिळा वाकतो. थर नेहमी आडवे ठेवा, म्हणजे खिळा प्रत्येक थर भेदून जाईल. पट्टी कडेवर उभी बसवली तर खिळा दोन थरांच्या मध्ये शिरून पाचरीचं काम करतो आणि पट्टी उकलते. शेवटी तेलवार्निशचे दोन हात द्या. कापलेल्या टोकांना तीन द्या, पाणी तिथूनच शिरतं.

आणखी एक चांगला माल इथल्या लोकांच्या पायाखालीच आहे. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर-सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत. चपला करणाऱ्यांकडे तळाच्या जाड कातड्याच्या कातरणी उरतात. दोन-तीन थर चिकटवले की ते कातडं खिळा फार सुंदर धरतं. मागच्या काचेच्या कोपऱ्यातल्या बोटभर तुकड्यांना ते उत्तम. लांबच लांब पट्टीला मात्र नको. ओलीत बुरशी येते आणि वनस्पतीच्या सालीने कमावलेलं कातडं लोखंडाशी काळं पडतं.

सागवान खिळ्याने चिरतं, बाभळीत खिळा वाकतो. सरळ जागी पॅकिंगच्या पेट्यांची पाइन फळी चालेल. एमडीएफ कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. कडेला खिळा मारला की त्याचा भुगा होतो, आणि दमट हवेत ते फुगतं.

आधी परीक्षा

माल कुठलाही असो, विताएवढा तुकडा कापून त्याची परीक्षा घ्या. त्यावर छताच्याच कापडाचा तुकडा एका खिळ्याने ठोका, कापडाला सामान तोलायचा हातातला ताणकाटा अडकवा आणि ओढा. कापड फाटायला लागेपर्यंत खिळा सुटला नाही तर पट्टी पास. मग तो खिळा काढून ५ मिमी शेजारी ठोका आणि पुन्हा ओढा. दुसऱ्यांदाही तेवढाच धरला पाहिजे. पुठ्ठ्याचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी व्हर्नियर लावा, जाडी वाढली असेल तर वार्निश कमी पडलं. रबराचा तुकडा कापडासकट मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवा आणि कापडावर डाग येतो का ते बघा.

कुशनच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “साहेब, पट्टीचं कशाला मनावर घेताय, कडेनं एसआर लावून चिकटवून देतो की.” त्याचा हेतू वाईट नसतो, वेळ वाचवायचा असतो. पण उन्हात उभ्या गाडीचं छत तापलं की ताणलेल्या कापडाखाली तो गोंद मऊ पडतो आणि कड हळूहळू सरकते. शिवाय चिकटवलेलं कापड पुन्हा ताणता येत नाही, फाडावंच लागतं. जिथे मुळात खिळे होते तिथे खिळेच हवेत.

कापणं आणि बसवणं

पट्टी चॅनलच्या आतल्या रुंदीइतकीच कापा, हाताने दाबून जाईल इतपत घट्ट. सैल पट्टी खिळ्याच्या ठोक्याने नाचते. रबर कापताना धारदार कटरला साबणाचं पाणी लावा, लोखंडी पट्टी दाबून धरा आणि एकाच घावात न कापता चार-पाच हलके घाव द्या. लांब पट्ट्या असतील तर लाकडाच्या वखारीत बँडसॉवर कापून घ्या, सरळ निघतात.

चॅनलमध्ये संगजिऱ्याची पूड भुरभुरली की रबर सरकतं. एका टोकाने घालून लाकडी हातोडीने हळूहळू पुढे ठोका. जिथे ओठ नाहीत तिथे पूड नको. पत्रा आणि पट्टी दोन्हींना एसआर लावा, १०-१५ मिनिटं थांबा, मग दाबा. त्याखेरीज दर चार-पाच इंचांवर पॉप रिव्हेट मारा, त्याआधी पट्टीत डोक्यापुरता खड्डा करून डोकं खाली बुडवा. बाहेरचा पत्रा किती अंतरावर आहे हे बघितल्याशिवाय ड्रिल चालवू नका. ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करा आणि तिच्यापुढे जाऊ नका. रिव्हेट कुठे आहेत त्याच्या खुणा खडूने पट्टीवर ठेवा, नाहीतर कापड ठोकताना खिळा नेमका तिथेच आपटतो.

काचेच्या चौकटीचे आणि झापांचे स्क्रू याच पट्टीतून जात असतील तर ती भोकं आत्ताच पाडून प्रत्येकात बारीक तार खोचून ठेवा. कापड चढल्यावर ही भोकं सापडत नाहीत. दोन पट्ट्यांचा सांधा कोपऱ्यावर किंवा वळणाच्या ऐन मध्यावर घेऊ नका, सरळ भागात घ्या.

चॅनलच नाहीसं झालं असेल तर २० गेज पत्र्याचं नवं चॅनल कुपवाडमध्ये बेंडिंग मशीनवर वाकवून मिळतं. व्हर्नियरने घेतलेली मापं आणि जुना तुकडा सोबत न्या. ते रिव्हेटने बसवा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदवायची तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पट्टी बदलणं हा काही तसा फेरफार नव्हे, पण सोयीसाठी खांबाचा मूळ पत्रा कापू नका.

खिळे

चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानात चपट्या डोक्याच्या निळसर चुका, म्हणजे बारीक खिळे, मिळतात, त्याच या कामाच्या. पट्टी १० मिमी असेल तर ३/८ इंची, म्हणजे साधारण साडेनऊ मिमीची चूक घ्या. त्याहून लांब चूक मागच्या पत्र्यावर आपटते, टोक मुडपतं आणि ती परत वर येते. पत्रा पातळ असेल तर बाहेरून पोचाही दिसतो. हवेची स्टेपल गन असेल तर ८० सिरीजची १० मिमी पिन रबरात छान बसते, पण ती शेवटच्या फेरीतच वापरा. ताणून बघायच्या टप्प्यात पिना उपटत बसलं की कापडाला भोकं पडतात.

सळया कापडाच्या खोळीत घालून आकड्यांप्रमाणे बसवा. कापड मधल्या सळईपासून पुढे आणि मागे ताणत जा. आधी पुढच्या काचेवर मध्यभागी, मग मागच्या काचेवर मध्यभागी, मग दोन्ही बाजू आलटून पालटून. या फेरीत चुका अर्ध्याच ठोका, तीन-चार इंचांच्या अंतराने. चुंबकी डोक्याची हातोडी घ्या. तोंडात खिळे धरून काम करणारे जुने कारागीर मी पाहिले आहेत, त्यांच्या हाताचा वेग थक्क करतो, तरी त्यांची ती सवय उचलू नका. शिलाईच्या रेघा सरळ आल्या का ते मागच्या सीटवर बसून बघा, पुढून सगळं सरळच दिसतं. सुरकुती असेल तिथल्याच चुका काढा, ताणा, शेजारी ठोका. रेग्झीन दुपारच्या उन्हात थोडं सैल असताना ताणलं तर थंडीत ते आणखी आवळून नीट बसतं. सुती आणि लोकरी कापडाला वाफेची इस्त्री दुरून द्या. एक रात्र तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी बघून मगच पाऊण ते एक इंच अंतराने पक्क्या चुका मारा, वरून गोट आणि शेवटी चौकटी.

उरलेल्या पट्टीचा हातभर तुकडा आणि मापांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मागच्या सीटखाली ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर काचांच्या कडा एकदा बोटाने दाबून बघा. कुठे ओल लागली तर आधी काचेचं रबर दुरुस्त करा, पट्टीला हात नंतर घाला.